डायल-अप जोडणी आणि ब्रॉडबँडचा डायलर: दिसायला सारखे, कामाला वेगळे

सेलू, अंबाजोगाई किंवा उदगीरसारख्या गावात स्थानिक सेवादात्याकडून इंटरनेट घेतले की त्याचा माणूस घरात लॅनची केबल आणून सोडतो, यूझरनेम आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो आणि राउटर घ्यायचा नसेल तर संगणकात ‘डायलर’, म्हणजे यूझरनेम-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करणारी खिडकी, बनवून घ्या, असे सांगतो. विंडोज १० मध्ये हा डायलर सेटिंग्जमधील ‘डायल-अप’ या पानावर जाऊन बसतो. त्यामुळे ज्यांनी पूर्वी टेलिफोनच्या वायरवरून इंटरनेट वापरले आहे त्यांना ही तीच जुनी व्यवस्था वाटते, आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही असे विद्यार्थी नवी जोडणी तयार करताना ‘डायल-अप’ हाच पर्याय निवडून फोन नंबरच्या रकान्यापाशी अडकतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत संगणक खरोखरच फोन लावतो. दुसरीत कोणताही नंबर लावला जात नाही.

डायल-अपमध्ये मोडेम, म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून जाईल अशा आवाजांत बदलणारे यंत्र, प्रथम टेलिफोनची लाइन घेतो, डायल टोन ऐकतो, सेवादात्याचा नंबर लावतो आणि पलीकडच्या मोडेमने उत्तर दिल्यावर दोघेही त्या परिचित कर्कश आवाजांतून कोणत्या वेगाने माहिती पाठवायची ते ठरवतात. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते याच मार्गाने, आणि पुढे मराठवाड्यात अनेकांनी बीएसएनएलच्या संचारनेटचे खाते घेऊन पहिल्यांदा ईमेल पाहिला तोही असाच. माणसाच्या बोलण्यासाठी राखलेल्या सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळी माहिती बसवावी लागत असल्यामुळे वेगाला मर्यादा होती. मोडेमच्या खोक्यावर ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ किलोबिट) छापलेले असले, तरी ठिकठिकाणी जोड दिलेल्या लांबच्या लाइनवर तेवढा वेग मिळत नसे. एक एमबीची फाइल चांगल्या लाइनवरही तीन मिनिटांच्या आसपास वेळ घेई आणि तोवर घरचा फोन एंगेज राही.

ही जोडणी उभारताना भिंतीवरच्या सॉकेटमधून येणारी वायर मोडेमच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत आणि टेलिफोन ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत लावावा लागतो. त्यानंतर खरी काळजी नंबरची घ्यावी लागते. नांदेडहून लातूरला आणलेल्या संगणकात ‘डायलिंग रूल्स’मध्ये ०२४६२ हाच एसटीडी कोड राहिला असेल, तर लातूरचा ०२३८२ कोड घातलेला स्थानिक नंबरही संगणक परगावचा समजतो आणि कोडसकट लावतो. कार्यालयात बाहेरची लाइन मिळवण्यासाठी ० दाबावा लागत असेल, तर नंबरच्या आधी ० आणि स्वल्पविराम लिहावा लागतो, कारण स्वल्पविराम दिसला की मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो आणि तेवढ्यात बाहेरचा डायल टोन येतो. ही युक्ती मला आजही डायल-अपमधील सर्वांत सुबक तजवीज वाटते.

गोंधळाचे मूळ मात्र एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये आहे, कारण ते त्याच टेलिफोनच्या तांब्याच्या जोडवायरीवरून आले. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये डेटावन सेवा सुरू केली तेव्हा घरातली वायर तीच राहिली, खोक्यालाही मोडेमच म्हटले गेले आणि संगणकाच्या पडद्यावर यूझरनेम-पासवर्डची खिडकीही जवळपास तशीच आली. आत मात्र सारे बदलले होते. एडीएसएल आवाजाचा पट्टा मोकळा सोडून सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वरच्या लहरी वापरते, स्प्लिटर फोन आणि इंटरनेट वेगळे करतो आणि दूरध्वनी केंद्रातले डीएसलॅम नावाचे यंत्र माहिती परस्पर पुढे पाठवते. कॉल लागतच नसल्यामुळे फोनवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणातील किमान वेग २५६ केबीपीएस होता, म्हणजे तीन मिनिटांची तीच फाइल अर्ध्या मिनिटात येऊ लागली.

कॉलच नसेल तर मग डायलर कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. दोन्ही व्यवस्थांमध्ये संगणक आणि सेवादाता पीपीपी या एकाच नियमावलीने एकमेकांशी बोलतात; त्यातच ग्राहकाची ओळख पटते आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर संगणक ओळखण्याचा क्रमांक, मिळतो. डायल-अपमध्ये पीपीपी टेलिफोन कॉलवर चालते, तर ब्रॉडबँडमध्ये ती इथरनेटवर, म्हणजे लॅनच्या केबलवरील जोडणीवर, चालवली जाते आणि तिला पीपीपीओई म्हणतात. म्हणूनच विंडोज दोन्ही जोडण्या एकाच जागी ठेवते, आणि म्हणूनच लॅनची केबल असलेल्याने ‘कनेक्ट टू द इंटरनेट’मध्ये ‘ब्रॉडबँड पीपीपीओई’ हाच पर्याय निवडला पाहिजे. त्यात फोन नंबरचा रकाना नसतो. तो रकाना समोर आला, तर आपण चुकीच्या पर्यायात आहोत असे समजावे आणि मागे यावे.

हा फरक सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो बिघाडाच्या वेळी. ६८० क्रमांकाची त्रुटी डायल टोन नसल्याचे सांगते; ती डायल-अपचीच असते आणि तिथे रिसीव्हर कानाला लावून पाहणे हीच पहिली तपासणी आहे. ६५१ ही त्रुटी मोडेमने बिघाड कळवल्याचे सांगते, पण डायलर वापरणाऱ्याच्या घरात बहुधा असा मोडेम नसतोच, त्यामुळे तिथे केबलचे टोक नीट बसले आहे का, लॅनचा दिवा लागतो का आणि सेवादात्याच्या बाजूने सेवा सुरू आहे का, हे पाहावे. ६९१ मात्र दोन्हींत सारखीच येते आणि बहुतेक वेळा यूझरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेल्याचे सांगते. चिठ्ठीवरचा शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत घोटाळा झाला आहे का, रिचार्ज संपले आहे का, हे आधी बघावे; तक्रार नोंदवायची ती त्यानंतर.

वीज गेल्यावर काय होते, हेही मराठवाड्यात जाणून घेण्यासारखे आहे. साध्या तारेच्या टेलिफोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज दूरध्वनी केंद्राकडून तारेतूनच मिळते, त्यामुळे भारनियमनातही फोन सुरू राहत असे. एडीएसएलचा मोडेम मात्र घरच्या विजेवर चालतो. फोन सुरू आहे म्हणजे लाइन ठीक आहे आणि दोष इंटरनेटमध्येच आहे, असा तर्क तेव्हा अनेक जण करत, पण तो पूर्ण बरोबर नव्हता. पावसात ओल शिरलेल्या जोडातून बोलणे ऐकू येते, तरी वरच्या लहरी क्षीण होऊन ब्रॉडबँड तुटत राहते. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा मोडेम आणि लॅन कार्ड दोन्ही जाळू शकतात, म्हणून आभाळ गडगडू लागले की वायर आणि केबल काढून ठेवावी.

ज्यांच्या घरी राउटर आला आहे त्यांनी यूझरनेम आणि पासवर्ड राउटरच्याच सेटिंग्जमध्ये भरावेत आणि संगणकातील जुना डायलर काढून टाकावा, कारण राउटर आधीच जोडलेला असताना संगणकानेही त्याच खात्याने लॉगिनचा प्रयत्न केला, तर बहुतेक सेवादाते दुसरे लॉगिन नाकारतात आणि पासवर्ड बरोबर असूनही पडद्यावर ६९१ येते.