ग्रहणाचा ठपका आणि एका जनुकाची गोष्ट

"ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?"

फेब्रुवारी २०२०, ठाण्याच्या नौपाड्यातलं प्रसूतिगृह. बाळाला बघायला आलेल्या पहिल्याच बाईंनी माझ्या बहिणीला हे विचारलं. बाळाच्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली उतरलेले, खालच्या पापण्यांना खाच, गालांची हाडं जवळजवळ नाहीतच, हनुवटी मागे गेलेली आणि कानांच्या जागी दोन लहानशा पाळ्या. २६ डिसेंबरला सूर्यग्रहण झालं होतं आणि त्या सकाळी बहिणीने भाजी चिरली होती. हे तिनेच रडत रडत कबूल केलं, जणू काही गुन्हाच.

बाळाचा चेहरा गर्भात पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतो. ग्रहण लागलं ते सातव्या महिन्यात. एवढंच कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तरी ती माउली रात्री झोपली असती. पुढे तपासण्या झाल्या आणि नाव कळलं, ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम. साधारण ५० हजार जन्मांत एखादं बाळ.

या स्थितीची वैद्यकातली ओळख डोळ्यांच्या डॉक्टरांनी करून दिली. १८८९ साली स्कॉटलंडच्या जॉर्ज बेरी यांनी पापणीच्या खाचेची नोंद केली. १९०० मध्ये लंडनच्या एडवर्ड ट्रेचर कॉलिन्स यांनी दोन रुग्णांचं वर्णन केलं आणि खाचेबरोबर गालांची हाडंही अविकसित असतात, हे मांडलं. कान, जबडा, टाळू हे सगळं एका चित्रात आणलं ते १९४०च्या दशकात फ्रान्सेस्केती आणि क्लाइन यांनी. म्हणजे पापणीपासून पूर्ण चेहऱ्यापर्यंत यायला पन्नासेक वर्षं गेली.

कारण सापडायला तेवढाच काळ आणखी लागला. १९९६ मध्ये पाचव्या गुणसूत्रावरचं टीकॉफ-वन हे जनुक हाती लागलं. पेशीत प्रथिनं तयार करणारे जे रायबोसोम असतात, ते बनवायला हे जनुक लागतं. गर्भात काही पेशी मेंदूच्या कडेवरून निघून चेहऱ्याकडे येतात आणि गाल, जबडा, कान रचतात. त्यांना रायबोसोम भरपूर हवे असतात. जनुकात बदल झाल्याने ते कमी पडले की बऱ्याच पेशी वाटेतच मरतात आणि हाडं घडायला पुरेशा उरत नाहीत. बुद्धीला सहसा धक्का लागत नाही. सुमारे ६० टक्के बाळांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईबाबांत नसतो. बहीण आणि भावजींच्या चाचण्यांतही तो नव्हता. तो कागद बहिणीने देवघराच्या खणात ठेवलाय, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुरुवातीचे महिने श्वासाचे होते. जबडा लहान, त्यामुळे उताणं झोपवलं की जीभ मागे जायची. आळीपाळीने जागून आम्ही भाचीला कुशीवर ठेवायचो. मग ऐकण्याचा प्रश्न. कानाची वाट बंद असली तरी आतला कान बहुतेकदा शाबूत असतो, म्हणून आवाज कवटीच्या हाडातून पोचवता येतो. हाडात रोवायचं असं यंत्र १९७७ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा रुग्णांना बसवलं गेलं. लहान मुलांची कवटी पातळ, त्यांना ते डोक्याच्या पट्ट्यावर लावतात. पट्टा बांधला त्या दिवशी आईच्या बांगड्या किणकिणल्या आणि पोरीने मान वळवली. बहिणीने मग दिवसभर हात हलता ठेवला.

कायद्यात मात्र चेहऱ्याला अजून जागा अपुरी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ॲसिडहल्ल्याने चेहरा बिघडलेल्यांचा त्यात समावेश आहे, जन्मजात वेगळ्या चेहऱ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. भाचीचं प्रमाणपत्र श्रवणदोषाचं आहे. तलावपाळीवर लोक तिच्याकडे वळून वळून बघतात, त्याची नोंद त्यात कुठे होणार? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन केवायसीत, म्हणजे बँकेच्या ओळख-पडताळणीत, पापणी मिचकावून दाखवण्याला पर्याय द्यायला सांगितलं. मोठेपणी तिला बँकेत खातं उघडायचंय, तेव्हा हे उपयोगी पडेल.

बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेतून घडवतात. त्यासाठी बरगड्या पुरेशा वाढायला हव्यात, म्हणजे अजून तीन-चार वर्षं थांबायचं. दोन्हीकडे कान नसले की नमुना आईबाबांच्या कानावरून घेतात, पारदर्शक फिल्मवर बाह्यरेषा काढून. कुणाचा घ्यायचा, असं भाचीला विचारलं तर ती आईच्या कानाला हात लावते.