पार्श्वभूमी: 'सीकमपर्यंत गेलो' म्हणजे नक्की कुठपर्यंत?

कोलोनोस्कोपी, म्हणजे स्कोप नावाची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, आता इतकी रोजची झालीय की ती करणारा डॉक्टर तयार आहे हे कोण आणि कसं ठरवतं, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. सुरुवातीच्या फायबर स्कोपमध्ये एका डोळ्याने बघायचं, शिकणारा नुसता बाजूला उभा. नंतर शिकणाऱ्यालाही बघता यावं म्हणून आयपीसला जोडायची दुसरी नळी आली. १९८३ च्या सुमारास व्हिडिओ स्कोप आले आणि गुरू-शिष्य एकाच पडद्याकडे बघायला लागले. तोवर डॉक्टर तयार आहे का याचा हिशोब एकच, किती कोलोनोस्कोपी केल्या.

खरा हादरा ब्रिटनमध्ये बसला. १९९९ मध्ये तिथल्या तीन भागांत चार महिने नऊ हजारांवर कोलोनोस्कोपींची नोंद ठेवली, निकाल २००४ मध्ये छापून आला. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ७७ टक्के वेळा स्कोप सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत पोचला होता, पण कडक निकष लावले तर आकडा ५७ टक्क्यांवर आला! मधले वीस टक्के कुठे गेले? सगळी गोम 'पोचलो' या शब्दात आहे. आतड्यात वळणं घेत, नळीचा लूप (आत पडलेला वेढा) सोडवत जाताना यकृताजवळचं वळणसुद्धा टोक वाटू शकतं, म्हणून अपेंडिक्सचं तोंड दिसलं का, लहान आतड्याची झडप दिसली का, हे विचारावं लागतं आणि फोटो काढून ठेवावा लागतो. मला त्याहून जास्त लागलेली गोष्ट म्हणजे पहिल्या शंभर केसेस सिनियरच्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर त्यात फक्त १७ टक्के होते. बाकीच्यांना तेवढी देखरेख मिळालीच नव्हती.

मग तिकडे ट्रेनिंग सेंटर्स, ऑनलाईन लॉगबुक, सिनियरने समोर बसून पायरी-पायरीने मार्क द्यायची पद्धत हे सगळं भराभर आलं. आणि लगेच दुसरा शब्द अडकला, 'मदतीशिवाय'. सिनियरने तोंडाने सांगितलेलं चालतं, पण दोन मिनिटं स्कोप हातात घेतला तर ती केस तुझी नाही. मला हे बरोबर वाटतं, कारण नेमकं ते अवघड वळणच तर शिकायचं असतं.

संख्येचा वाद मात्र मिटला नाही. डॉक्टर तयार म्हणायला किमान किती केसेस हव्यात, यासाठी अमेरिकेत बरीच वर्षं १४० चा आकडा चालला, २०११ च्या अभ्यासात सरासरी २७५ लागतात असं दिसलं. ब्रिटनमध्ये २०० ची अट होती, २०१४ मध्ये तिथल्या सुमारे तीनशे ट्रेनींच्या नोंदी तपासल्या तर ९० टक्के वेळा टोक गाठायला साधारण २३३ केसेस लागत होत्या. आणि हे फक्त पोचण्याचं. परत येताना गाठी किती सापडल्या हे वेगळंच. २०१० मध्ये पोलंडमधून आलेल्या अभ्यासात ज्यांना २० टक्क्यांपेक्षा कमी पेशंटमध्ये अडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी) सापडायचे त्यांच्या पेशंटना तपासणीनंतर मधल्या काळात कॅन्सर निघण्याचा धोका जास्त दिसला, म्हणून टोक गाठण्याइतकंच सावकाश बघत मागे येणंही मोजावं लागतं.