जोडीनं, सायकलवर, दोन वर्षं

पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळा बिल्ला आणि बिल्ल्यावर आडनावाच्या आधी लिहिलेलं ‘एल्डर’. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. बिल्ला लावणाऱ्याला मात्र धड मिसरूडही फुटलेलं नसतं. परदेशात राहणाऱ्या कित्येक मराठी घरांची बेल या जोडगोळीनं वाजवली असेल. ही मुलं म्हणजे दोन वर्षं घर सोडून दारोदार धर्मप्रचार करणारे मिशनरी. लोक यांना मॉर्मन म्हणतात. चर्चला स्वतःला हे नाव आता नको आहे. २०१८ पासून ‘येशू ख्रिस्ताचं अंतिम दिवसांच्या संतांचं चर्च’ असं लांबलचक नाव घ्यावं, असा आग्रह आहे. इथं सोयीसाठी जुनंच नाव ठेवतो.

या मुलांचा दिवस घड्याळावर बांधलेला असतो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अंघोळ, न्याहारी, मग जोडीदारासोबत धर्मग्रंथाचा आणि परक्या भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं, रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. (२०१७ मध्ये हे जरा सैल झालं, पण जरासंच.) जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, भांडण झालं तरी नाही. काही आठवड्यांनी वरून बदलीचा हुकूम येतो आणि जोडी मोडते. आठवड्यातून एक दिवस ‘पी-डे’ म्हणजे तयारीचा दिवस: कपडे धुवा, किराणा भरा, केस कापा, घरी पत्र लिहा.

हे सगळं एखाद्या जुन्या मठाच्या शिस्तीसारखं वाटतं. पण जोडीचा नियम सोडला, तर यातलं बहुतेक सगळं गेल्या शंभरेक वर्षांतलं आहे. सुरुवातीचे मिशनरी पोरसवदा नव्हतेच. बायकामुलं असलेले बाप्ये होते.

जोसेफ स्मिथनं ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. त्याच उन्हाळ्यात त्याचा भाऊ सॅम्युअल पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून गावोगाव निघाला. दोघादोघांनी जावं, हा आदेश १८३१ चा. पुढच्याच वर्षी दुसरा आला: जवळ पैशाची थैली बाळगू नये. म्हणजे ज्या गावात जाल तिथंच जेवण आणि पथारी मागायची. माधुकरी आपल्याला ठाऊक असल्यामुळे ही कल्पना फारशी चमत्कारिक वाटत नाही. फरक इतकाच, की इथं झोळी घेऊन निघालेल्याच्या मागे घरी चार-पाच तोंडं असत.

सप्टेंबर १८३९ मधला एक प्रसंग मॉर्मन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. ब्रिगम यंग आणि हीबर किंबल हे चर्चचे दोन पुढारी प्रचारासाठी इंग्लंडला निघाले होते. दोघांनाही हिवताप, स्वतःच्या पायांनी धड चालवत नव्हतं. यंगच्या बायकोची कूस उजवून दहाच दिवस झालेले. किंबलची बायको अंथरुणाला खिळलेली, मुलंही तापानं फणफणलेली. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबलनं ती थांबवायला लावली. दोघे गाडीत कसेबसे उभे राहिले आणि टोप्या हवेत फिरवून इस्रायलच्या (मॉर्मन स्वतःला इस्रायलचे लोक मानतात) नावानं ‘हुर्रे’ ओरडले, का तर घरच्यांना जरा धीर यावा म्हणून. बायका दाराशी आल्या, त्यांनीही निरोप दिला. ही गोष्ट श्रद्धेची म्हणून सांगतात. मला मात्र ती दारात उभ्या असलेल्या बायकांची वाटते. त्या हिवाळ्यात लाकडं कुणी फोडली, हे ‘हुर्रे’च्या गोष्टीत येत नाही.

किंबल त्याआधी १८३७ मध्येच इंग्लंडला जाऊन आला होता. प्रेस्टन गावातल्या रिबल नदीत त्यानं पहिले बाप्तिस्मे दिले. पुढे तिथले हजारो कामगार बोटीत बसून अमेरिकेला गेले.

आपला संबंध येतो तो १८५२ मध्ये. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला आला. त्याचा वावर मुख्यतः लष्करातल्या गोऱ्यांमध्ये होता, विरोधही तिथूनच झाला. तरी पुण्यात एक छोटी मंडळी उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चचं मुख्य ठाणं असलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या सभेत शंभरेक पुरुषांची नावं परदेशी मिशनसाठी पुकारण्यात आली, त्यात हिंदुस्थानासाठीही होती. बहुपत्नीत्व ही चर्चची शिकवण आहे हे जाहीर झालं तेही त्याच सभेत. पदरात अशी बातमी घेऊन कलकत्त्यात उतरलेल्यांचं स्वागत कसं झालं असेल! थैलीशिवाय फिरणंही इथं जमेना. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातलं काम गुंडाळलं गेलं. बंगळुरूचं मिशन उघडलं ते थेट १९९३ मध्ये.

पोरवयातले मिशनरी त्या काळी अपवादच. पुढे चर्चचा अध्यक्ष झालेला जोसेफ एफ. स्मिथ १८५४ मध्ये हवाईला धाडला गेला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि आई-बाप दोघंही गेलेले. हळूहळू मात्र संसारी पुरुषांऐवजी बिनलग्नाची मुलं पाठवण्याकडे कल झुकला. १८९८ मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघी इंग्लंडला गेल्या. अविवाहित मुलींना मिशनरी म्हणून धाडण्याची ती सुरुवात.

मुलं पाठवायची म्हटल्यावर शिस्त आली. १९६१ मध्ये मेक्सिको-अर्जेंटिनाचे व्हिसा रखडले, तेव्हा खोळंबलेल्या मुलांना अमेरिकेतच, युटा राज्यातल्या प्रोव्होत स्पॅनिश शिकवायला सुरुवात झाली. आजचं मोठं प्रशिक्षण केंद्र त्यातून वाढलं. त्याच वर्षी सहा ठरलेले पाठ आले, पोपटासारखे घोकून दारोदार म्हणायचे. आकड्यांचं वेडही त्याच काळातलं. इंग्लंडमध्ये पोरांना बेसबॉल खेळायला बोलवायचं आणि खेळाच्या ओघात बाप्तिस्मा उरकायचा, असे प्रकार झाले. त्यातल्या अनेक मुलांना आपण कुठल्या धर्मात गेलो हेही कळलं नव्हतं. पुढे ती नावं काढता काढता चर्चच्या नाकी नऊ आले. घोकंपट्टीचे पाठ २००४ मध्ये गेले.

खर्च आजही घरचाच. पूर्वी ज्याच्या वाट्याला जो देश, त्याप्रमाणे बिल. जपानला गेलेल्याच्या बापाला घाम फुटायचा. १९९१ पासून अमेरिकेतल्या सगळ्यांना एकच रक्कम ठरली. २०२० च्या जुलैत ती महिना ४०० वरून ५०० डॉलर झाली. स्थानिक सभासद आळीपाळीनं रात्रीचं जेवायला बोलावतात. हे तर सरळसरळ वार लावून जेवणं.

२०१२ मध्ये वयाची अट मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ झाली. मिशनरींची संख्या दोनेक वर्षांत ५८ हजारांवरून ८३ हजारांवर गेली. मुलींची रांग लागली. आणि इतकी कोवळी मुलं घरापासून तोडायची म्हटल्यावर जुना एक नियम टोचू लागला: घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं, नंतर आठवड्याची ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम गेला. आता दर पी-डेला, कपडे मशीनमध्ये फिरत असताना, मुलगा आईशी व्हिडिओवर बोलू शकतो. जोडीदार अर्थात त्याच खोलीत असतो.