ब्रेक दाबला की स्पीडोमीटर का उजळतो?

बाबांच्या ऐंशीच्या दशकातल्या मोटरसायकलला दसऱ्याआधी रंग लावून घेतला आणि तिला एक विचित्र खोड लागली. लाइटचं बटण बंद ठेवून ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागेना, पण पुढे स्पीडोमीटरमधला इवलासा बल्ब मिणमिणायचा. आमच्या माहीमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने दोनदा बल्ब बदलला आणि मग निदान केलं, "दादा, वायरिंग सडलंय. सगळं किटच टाकू."

मला ते पटेना. सडलेल्या वायरीमुळे दिवा लागणार नाही हे खरं, पण भलताच दिवा कसा लागेल?

बल्बकडे वीज नेणारी वायर डोळ्यांना दिसते. परतीची वाट म्हणजे बहुतेक वेळा गाडीचा सांगाडाच असतो, म्हणजे चासी, मडगार्ड आणि त्यांना धरणारे बोल्ट. बॅटरीची निगेटिव्ह वायर त्या लोखंडाला जोडली की झालं. गॅरेजमध्ये याला 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी तर रबरावर उभी असते.

मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचं, म्हणजे लाइट लावल्यावर सतत जळणारं, ५ वॉटचं आणि ब्रेकचं २१ वॉटचं. दोघांना परतीची वाट एकच, होल्डरच्या पत्र्यातून. ती तुटली की ब्रेकची वीज अडकते आणि चोरवाट शोधते. ब्रेकच्या फिलामेंटमधून ती टेलच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, टेलच्या वायरीने पुढे धावते आणि त्याच वायरीवर असलेल्या स्पीडोमीटरच्या बल्बमधून चासीत उतरते. (पायलट दिवा, म्हणजे हेडलाइटमधला छोटा बल्बही त्याच वायरीवर असतो, पण आमचा केव्हाच गेलेला.) तापल्यावर ब्रेकच्या फिलामेंटचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ७ ओहम, टेलचा २९, तर ३ वॉटच्या स्पीडो बल्बचा ४८. तिघं एकामागे एक आले की ज्याचा रोध मोठा, त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. म्हणून स्पीडो उजळतो. ब्रेकच्या फिलामेंटला पेटायला पावणेदोन अँपिअर लागतात आणि या वाटेने त्याचा दहावा भागच काय तो वाहतो. ते ढिम्म राहतं.

मग व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर काढला. ब्रेकच्या वायरीवर १२.४ व्होल्ट, म्हणजे 'करंट येतोय'. बहुतेक जण तपास इथेच थांबवतात. मी ब्रेक दाबून ठेवायला बाबांना बसवलं आणि मीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले १२.१.

चोर सापडला. होल्डरची काळी वायर मडगार्डच्या ज्या बोल्टखाली दाबलेली असते, त्या जागेवरही रंगवाल्याने मन लावून रंग मारला होता. रंग वीज वाहू देत नाही.

ही चूक पूर्ण तुटलेल्या वाटेची, म्हणून सोपी. मुंबईत जास्त छळते ती अर्धवट तुटलेली वाट. पावसाचं पाणी एकटं फारसं वीजवाहक नसतं, पण समुद्राच्या हवेतलं मीठ त्यात विरघळलं की चित्र बदलतं. ते पाणी तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून प्लॅस्टिकच्या आत ओढलं जातं. टोकाला हिरवट बुरशीसारखा थर धरतो आणि आत तारा काळ्या पडतात. वरून वायर धडधाकट!

अशा वायरीपुढे मल्टीमीटरही फसतो. जुन्या चाळीतला गंजलेला पाइप आठवा. नळ बंद असताना दाब पुरेपूर, सोडला की करंगळीएवढी धार. मीटर स्वतः जेमतेम एखादा मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे त्याच्यासाठी नळ बंदच. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून, जोडाच्या दोन्ही बाजूंना पिना लावून. १८२७ साली गेओर्ग ओम यांनी मांडलेला नियम इथे कामाला येतो. ३५ वॉटच्या हेडलाइटला साधारण ३ अँपिअर लागतात, तेव्हा अर्धा ओहम रोधाचा जोड जवळपास दीड व्होल्ट गिळतो. दीड व्होल्ट किरकोळ वाटतात, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. १२ चे साडेदहा झाले की सुमारे एक तृतीयांश उजेड गेला. शिवाय त्या जोडात चारेक वॉटची उष्णता तयार होत राहते. वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे कपलर पिवळे पडून वितळतात ते यामुळेच.

आमचा खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा. बोल्टखालची जागा चकचकीत घासली, वर थोडं ग्रीस लावलं आणि पुन्हा मोजलं, ०.०६ व्होल्ट. मागचा दिवा भसकन लागला. बाबा मात्र पुढेच बघत होते. "आता स्पीडो लागत नाही रे," म्हणाले.