ट्रक-किटची इच्छायादी

प्लास्टिकचे छोटे ट्रक आणि ट्रेलर जोडणारे छंदिष्ट एक यादी बाळगून असतात. अजून न निघालेली किंवा निघून बाजारातून नाहीशी झालेली किटे तिच्यात असतात. तिलाच इच्छायादी म्हणतात. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. इंदूरच्या मराठी घरांत ती नुसती ‘लिस्ट’ असते. तिला खरेदीची यादी समजू नये. खरेदीच्या यादीतली वस्तू दुकानात असते आणि पैसे खिशात नसतात; इथे पैसे साठवून ठेवलेले असतात आणि वस्तूच जन्मलेली नसते. म्हणून तिची जात मागणीपत्राची नाही, नवसाची आहे.

किटमधले पॉलिस्टायरिनचे भाग चौकटीला लटकलेले येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. ट्रकच्या किटांत दोन प्रमाणांचे राज्य आहे : अमेरिकेत १:२५, युरोपात १:२४. फरक चार टक्क्यांचा. ३.८ मीटर उंचीचा ट्रक एका प्रमाणात सुमारे १५२ मिलिमीटर भरतो, दुसऱ्यात १५८. शेजारी शेजारी ठेवले तर डोळा फसतो, पण एकाची केबिन दुसऱ्याच्या चासीवर चढवू गेले की हे सहा मिलिमीटर लगेच बोलू लागतात. रिमोटवर चालणाऱ्या, १:१४ प्रमाणातल्या, जपानी तामिया कंपनीच्या ट्रकांचा संसार निराळा. त्यांचे चाहते आणि याद्याही निराळ्या.

अमेरिकन ट्रक-किटांचा बहर १९७०च्या दशकातला. १९४८ साली मिशिगनमध्ये सुरू झालेल्या एएमटीने पीटरबिल्ट ३५९ आणला आणि पाठोपाठ केनवर्थ, ऑटोकार, जीएमसी अ‍ॅस्ट्रो असा ताफा उभा केला. ट्रेलर वेगळ्या खोक्यात मिळत. त्यांत फ्रूहॉफचा चाळीस फुटी बंद ट्रेलर फार गाजला. युरोपात इटलीच्या इटालेरीने आणि फ्रान्सच्या हेलरने स्कॅनिया, व्होल्व्हो यांच्यावर भर दिला.

यादीतल्या नोंदी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांचे वजन वेगवेगळे असते. ‘जुने किट पुन्हा काढा’ ही सर्वांत हलकी मागणी. पोलादी साचा जपून ठेवलेला असेल तर तो पुन्हा यंत्रावर चढवायचा, खोक्याचे चित्र आणि डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरे-चित्रे) नवे छापायचे, की काम झाले. एएमटीचे नाव आज ज्या राउंड टू कंपनीकडे आहे, तिने बरेच जुने ट्रक असेच परत आणले. ‘जुन्याच साच्यात बदल करा’ ही मधली मागणी, आणि तीच धोक्याची. साचा कोरून नवे रूप काढले की मूळ रूप कायमचे जाते; एकाचा नवस फळतो तेव्हा दुसऱ्याचा बुडतो. ‘सगळे नव्याने करा’ ही मागणी सर्वांत जड. ट्रकच्या किटला मोटारीच्या किटपेक्षा कितीतरी जास्त भाग लागतात आणि घेणारे मात्र थोडे.

आता इंदूरची लिस्ट. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या गावाने ट्रक पाहिले नाहीत असा एक दिवस गेला नसेल, पण त्यांतला जवळजवळ कुठलाच खोक्यात मिळत नाही. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्यातून १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ आला. अशोक लेलँड हे नाव १९५५ पासूनचे. एएमटी, रेव्हेल, इटालेरी या मोठ्या नावांच्या यंत्रांतून यांतले काही बाहेर पडले नाही. सेंटी टॉईजचे मागे ओढून सोडायचे ट्रक मिळतात आणि ते गोडही आहेत, पण ती खेळणी. जोडायची किटे नव्हेत. ट्रकच्या आठवणी आणि छंदावर उधळायचे पैसे एकाच गावात नांदतात, तिथेच किट निघते. जपानात ते जमले : दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेल्या तिथल्या ट्रकांची, ‘देकोतोरां’ची, १:३२ मधली एक लांबलचक मालिका आओशिमाने काढली. सजावटीत आपले ट्रक कमी होते असे म्हणायला जीभ रेटत नाही.

यादीच्या डोक्यावर बहुधा टाटा १२१० असतो. या आकड्यातले १२ म्हणजे भरलेल्या गाडीचे सुमारे बारा टन आणि १० म्हणजे सुमारे शंभर अश्वशक्ती. त्याच्या अर्धवट नाकाच्या ‘एसई’ रूपावर जीव टाकणारे जास्त. पण खरी मौज मागणीच्या शब्दांत आहे. जाणता माणूस ‘१२१० ट्रक’ मागत नाही. तो ‘१२१०ची काऊल-चासी’ मागतो. कारण कारखान्यातून पूर्ण ट्रक बाहेर पडतच नसे. चासी, इंजिन, बॉनेट आणि डॅशबोर्डपर्यंतचा पुढचा भाग, एवढेच मिळे. तोंडाला फडके गुंडाळलेला ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, ऊन-पाऊस अंगावर घेत ती उघडी चासी शेकडो किलोमीटर हाकत नेई. केबिन, हौदा, फाळका (हौद्याची मागची फळी), टपावरचा कठडा हे सगळे गावोगावचे बॉडीवाले लाकडा-पत्र्यात बांधत, आणि प्रत्येक गावाची धाटणी ओळखू येई. तेव्हा कंपनीने साच्यात केबिन घालणे हीच चूक ठरेल. चासी, स्प्रिंगांचे पाटे, इंजिन, बॉनेट, मडगार्ड द्या. हौदा आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांतून बांधू. इच्छायादीत कमी भाग मागणारे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि प्रस्तुत लेखकाला ते या विषयातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

डेकलचा मुद्दा त्यातूनच येतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केले. म्हणजे एमएच पासिंगच्या गाडीला त्या सालाआधीचा आणि नंतरचा फाळका वेगवेगळा हवा. एमपी ०९च्या, म्हणजे इंदूरच्या गाडीला ही अडचण नाही.

टायरांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, पण तिच्यावाचून बाकी सगळे फुकट. परदेशी किटांत साडेबावीस इंची रिमवरचे ट्यूबलेस रेडियल येतात. जुन्या भारतीय ट्रकला वीस इंची रिम, ट्यूब आणि लोखंडी रिंग लागते. पुढे रिब (उभ्या रेघांच्या), मागे लग (आडव्या खाचांच्या) नक्षीचे नायलॉन टायर. हा एक संच निघाला तर टाटा, लेलँड, सगळ्यांना चालेल.

आयशर कँटरला इंदूरच्या लिस्टमध्ये घरच्या माणसाचा मान आहे. शहराजवळच्या पिथमपूरला मित्सुबिशीच्या सहकार्याने आयशरच्या हलक्या ट्रकांचे उत्पादन १९८६ मध्ये सुरू झाले. टाटा ४०७सुद्धा त्याच सालचा. आज चोइथराम मंडीत कांद्याची पोती उतरवणारी कुठल्याही कंपनीची मध्यम गाडी ‘आयशर’च म्हटली जाते. एवढे भाग्य पीटरबिल्टलाही लाभलेले नाही.

ट्रेलरच्या बाबतीत हाल कमी आहेत. कंटेनर जगभर सारखा असतो : वीस फुटी १:२४ मध्ये सुमारे २५२ मिलिमीटर, चाळीस फुटी ५०८. इटालेरीचा कंटेनर-ट्रेलर मिळतो. पुढे जोडायचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, हीच खरी वानवा. व्होल्व्हो १९९८ पासून भारतात आहे आणि त्याच्या एफएच ट्रकचे किट आहे, म्हणून पुष्कळांचा घोडा नाइलाजाने व्होल्व्हो असतो. देवासजवळ जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. कुणी तरी उत्साहाने पाते वाहणारा ट्रेलरही यादीत लिहितो. साठ मीटरचे पाते १:२४ मध्ये अडीच मीटरचे होते. ते ठेवायला जुन्या वाड्याची ओसरी हवी, आणि इंदूरच्या रामबागेत आता ओसऱ्या कुठे राहिल्या आहेत.

जे निघाले आहे, ते आणणेही स्वस्त नाही. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि लहान प्रमाणातल्या प्रतिकृती एकाच पंगतीत बसतात. खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाले आणि २०२३ मध्ये ७०. पन्नाशीचा गृहस्थ स्कॅनिया मागवतो, तेव्हा कागदोपत्री तो बाहुली मागवत असतो.

मग लोक स्वतःच घडवतात : प्लास्टिकच्या पत्र्यातून चासी, त्रिमितीय छपाईतून जाळी, दुसऱ्या किटमधून आस. असे घडवता घडवता काही नोंदी यादीतून आपोआप खोडल्या जातात. इंदूरची एक नोंद मात्र कुठलीच कंपनी कधी काढणार नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडल्या, कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. दिव्यांनी लखलखणारे हलते देखावे वाहणारी ती बसकी, रुंद ट्रॉली १:२४ मध्ये करायची तर लाकूड, पत्रा आणि मोटार मिळते. अडते दिव्यांवर. बाजारातला ३ मिलिमीटरचा एलईडी या प्रमाणात घरातल्या साध्या बल्बहूनही मोठा दिसतो; १.८ मिलिमीटरचा शोधावा लागतो, तो बरोबर झिरोच्या बल्बएवढा भरतो.