वाचोपचारातील जीभ-सोनोग्राफी आणि रुग्णांचा अनुभव

हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब धरायचा, बोलणाऱ्याची जीभ त्याच क्षणी पडद्यावर दाखवायची आणि ती बघत बघत त्याने आपला उच्चार सुधारायचा, अशी ही वाचोपचाराची म्हणजे स्पीच थेरपीची पद्धत आहे. पोटाच्या तपासणीला वापरतात तेच हे तंत्र. प्रोबमधून निघालेल्या ध्वनिलहरी जिभेच्या स्नायूंतून वर जातात, जिभेवरच्या हवेशी पोचताच परत फिरतात आणि काळ्या पडद्यावर जिभेच्या पाठीची पांढरी कमान उमटते. माणूस बोलला की कमान हलते. क्ष-किरणांचा संबंध नसल्यामुळे लहान मुलांसाठीही ही पद्धत पुन्हापुन्हा वापरता येते.

तिची गरज का पडली, हे रुग्णाच्या बाजूने पाहिले की लगेच कळते. ‘प’ किंवा ‘म’ चुकला तर ओठ आरशात दाखवता येतात. ‘क’ चुकला तर दाखवणार काय? जिभेला हाड नसते हे आपण दुसऱ्याच अर्थाने म्हणतो, पण उच्चार शिकताना तीच खरी अडचण असते. हाताचे कोपर कुठे वळले हे सांध्यातून कळते, तशी खूण जिभेला नाही. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणणाऱ्या मुलाच्या बोबड्या बोलांचे तीन वर्षांपर्यंत कौतुक होते. आठव्या वर्षी वर्गात त्याच बोलण्याची नक्कल होते आणि घरी ‘नीट म्हण, पुन्हा म्हण’ सुरू होते. मूल मनापासून पुन्हा म्हणते आणि जीभ पुन्हा त्याच जागी जाते. आपण प्रयत्न करत नाही असे सगळ्यांना वाटते, हे दुःख अशा मुलांच्या वाट्याला फार लवकर येते.

पहिल्या बैठकीत प्रोबवर जेल लावतात. ते गार लागते आणि मूल हनुवटी आक्रसून घेते. पडद्यावर आधी नुसता धुरकट गोंधळ दिसतो. मग थेरपिस्ट सांगतात की हे जिभेचे बाजूने घेतलेले चित्र आहे. टोक बहुधा उजवीकडे असते आणि घशाकडची बाजू डावीकडे. घोटभर पाणी प्यायला लावतात. पाण्यातून लहरी पुढे जातात, त्यामुळे एरवी न दिसणारी टाळूची रेषा क्षणभर उजळते आणि तिची खूण पडद्यावर आखून ठेवता येते. त्यानंतर थेरपिस्ट ‘त’ म्हणतात, कमानीचा पुढचा भाग उचलतो. ‘क’ म्हणतात, मागचा भाग डोंगरासारखा वर येतो. मूल ‘क’ म्हणायला जाते आणि पुढचाच भाग उचलला गेलेला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. चूक कुणी सांगावी लागत नाही. या पद्धतीचे मोठेपण याच क्षणात आहे, कारण ‘चुकलास’ या शब्दाची जागा ‘शेपटी (म्हणजे जिभेचा मागचा भाग) वर कर’ अशा करता येण्याजोग्या कामाने घेतली जाते.

या उपचाराचा आरंभीचा वृत्तांत १९८५ सालचा. थॉमस शॉकर आणि बार्बरा सोनीज यांनी अमेरिकेत इंग्रजी ‘र’ न जमणाऱ्या एका मुलीसाठी सोनोग्राफी वापरली. पुढे कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बार्बरा बर्नहार्ट, पेनेलपी बाक्सफाल्वी, ब्रायन गिक आदींनी कमी ऐकू येणाऱ्या किशोरवयीनांबरोबर काम केले. ज्यांना कानाने आपला उच्चार पारखता येत नाही त्यांच्यासाठी डोळ्यांची वाट खुली झाली. जोनाथन प्रेस्टन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात वाक्-अप्रॅक्सिया (बोलण्यासाठी लागणाऱ्या हालचालींची आखणी मेंदूला नीट न जमणे) असलेल्या सहा मुलांच्या प्रत्येकी १८ बैठका झाल्या. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या क्वीन मार्गारेट विद्यापीठात आणि ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जोअॅन क्लीलँड आणि सहकाऱ्यांनी ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलांसह अनेक प्रकारच्या उच्चारदोषांवर ही पद्धत वापरली. तोवर इलेक्ट्रोपॅलेटोग्राफी, म्हणजे जीभ टाळूला कुठे टेकते हे दाखवणारी पद्धत, प्रचारात होती. त्यात दाताच्या साच्यावरून प्रत्येकासाठी वेगळी कृत्रिम टाळू करून घ्यावी लागते. सोनोग्राफीत तोंडात काहीच घालावे लागत नाही.

कर्करोगामुळे जिभेचा भाग काढलेल्या रुग्णांचा अनुभव मात्र मुलांपेक्षा वेगळा असतो. सिडनी विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१६ साली अशा रुग्णांबरोबर ही पद्धत वापरल्याचे नोंदवले. मुलाला नवी हालचाल शिकायची असते. या माणसाला चाळीस-पन्नास वर्षे अंगवळणी पडलेली हालचाल विसरून उरलेल्या जिभेने दुसरी शोधायची असते, आणि शस्त्रक्रियेनंतर जिभेची संवेदनाही कमी झालेली असू शकते. हरवलेल्या स्पर्शाची जागा इथे चित्राने भरून काढायची असते. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग पाहता महाराष्ट्राला या पद्धतीचा हा उपयोग सर्वांत जवळचा वाटायला हवा.

त्रास होतोच. प्रोब दाबून धरला की जबडा अवघडतो. प्रोब हलू नये म्हणून डोक्याला बांधायची चौकट लहान मुलांना जड होते. जबड्याच्या हाडाची सावली जिभेच्या टोकावर पडते, त्यामुळे टोक मागे वळवून काढायच्या ‘ळ’सारख्या ध्वनीत नेमका हवा तोच भाग पुसट दिसू शकतो. ‘स’साठी प्रोब आडवा फिरवून जिभेमधली पन्हळ बघावी लागते. काहींना चित्राचा अर्थच लागत नाही, आणि सगळ्यांनाच गुण येतो असेही नाही. २०१९ सालच्या एका आढाव्यात २९ अभ्यास तपासले गेले. त्यांतले बहुतेक मोजक्याच रुग्णांवरचे होते, हे लक्षात ठेवूनच या पद्धतीबद्दल बोलावे.

सर्वांत अवघड पायरी पडदा बंद झाल्यावर येते. खोलीत बघून बघून ‘काका’ म्हणणारे मूल दाराबाहेर पडताच ‘ताता, चला’ म्हणते आणि आईचा चेहरा पडतो. म्हणून उच्चार जमू लागला की चित्र थोडे थोडे काढून घेतात: काही शब्द बघून, काही न बघता, मग वाक्ये, मग गप्पा. जीभ आता कुठे होती हे मुलाने आधी सांगायचे आणि नंतर पडद्यावर ताडून पाहायचे, हाही एक मार्ग आहे.

भारतात म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतील संशोधकांनी कन्नड, मल्याळम, हिंदी भाषकांच्या जिभेच्या हालचाली सोनोग्राफीने अभ्यासल्या आहेत. साध्या दवाखान्यात मात्र हे यंत्र सहज आणता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला, आणि त्यानुसार नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. यंत्र हाताळण्याची पात्रताही डॉक्टरांना धरून ठरवलेली आहे. मुली वाचवण्यासाठी ही बंधने हवीतच. त्यांच्या चौकटीत वाचोपचारतज्ज्ञांसाठी स्वतंत्र, काटेकोर परवान्याचा विचार व्हायला हवा. सध्या तालुक्याच्या गावी ‘क’ शिकवताना थेरपिस्ट एका हाताची टाळू आणि दुसऱ्या हाताची जीभ करतात, बोटे खाली ठेवून मनगट वर उचलतात आणि मुलाला म्हणतात, ‘बघ, अशी.’