नाक शाबूत, कंबर गेली

गावात चोरी झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं : ‘श्वान डांबरी रस्त्यापर्यंत गेले व तेथेच घुटमळले.’ पारावर हशा पिकतो. खरं तर ते घुटमळणं हीच माहिती असते. माग तुटला, म्हणजे बहुधा चोर तिथून गाडीवर बसला. हे सांगणारं जनावर आठ-दहा वर्षांचं झालं की निवृत्त होतं, आणि लोक धरून चालतात की त्याचं नाक म्हातारं झालं.

यवतमाळकडच्या एका खेड्यात माझ्या ओळखीचे एक माजी श्वान हस्तक, म्हणजे कामावरच्या कुत्र्याला हाताळणारे, राहतात. उमर स्फोटकं हुडकण्यात गेलेली लॅब्रॅडोर त्यांनी निवृत्तीनंतर घरीच आणली. नाकाचं विचारलं तर म्हणाले, ‘‘नाक तं सोळा आणे हाये जी. कंबर गेली तिची.’’

शास्त्रही जवळपास हेच सांगतं. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या आसपास. या पेशी जन्मभर झडतात आणि नव्या येतात. कानातल्या केसपेशींचं तसं नाही, त्या गेल्या की गेल्या. म्हणून म्हातारं कुत्रं हाक ऐकत नाही, पण भाकरी कुठे ठेवली ते त्याला कळतं. फार उतारवयात नाकही मंदावतं, पण नोकरी त्याच्या बरीच आधी संपलेली असते.

हुंगणं मात्र एकट्या नाकाचं काम नाही. कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं. सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जातो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हे तोंड मिटलेलं असेल तरच नीट जमतं. धापा सुरू झाल्या की हुंगणं बिघडतं.

आणि धापांशिवाय विदर्भाचा मे निघत नाही. कुत्र्याचं अंग ३८-३९ अंशांचं, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडची हवा ४५ च्या वर. अशा हवेत अंगातली उष्णता बाहेर जायची सोडून बाहेरचीच आत शिरते. घाम म्हणाल तर पंजांपुरता. उरते ती ओली जीभ, म्हणजे कूलरची ताटीच. पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. कोरड्या मेमध्ये हे चालतं. पण जुलैच्या दमट हवेत कूलर जसा नुसता चिपचिप करतो, तशीच ती जीभही नापास होते. तरणं कुत्रं सावलीत थोडं टेकून पुन्हा कामाला लागतं, म्हाताऱ्याची धाप लवकर बसत नाही. तेवढा वेळ वीस कोटी पेशी असून नसल्यासारख्या.

आता कंबर. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा मुळात सैल असण्याचा दोष बराच आढळतो. खोबणीत गोळा नीट बसत नाही, कूर्चा घासली जाते, संधिवात धरतो. शेफर्डला पाठीच्या कण्याच्या शेवटच्या मणक्यांचाही त्रास. जीपमधून उड्या, काळ्या मातीतली ढेकळं, भिंती चढणं, सगळं वर्षानुवर्षं त्याच सांध्यांवर येतं.

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला हे जास्त महागात पडतं. त्याला भुंकायची किंवा उकरायची परवानगी नसते, धक्का लागला तर स्फोट व्हायचा. वास मिळाला की गुपचूप खाली बसायचं, हीच त्याची भाषा. खुबा दुखत असेल तर बसणंच नको वाटतं. ‘‘शेवटच्या सालात बॅगीजवळ फिरे, मागचा भाग झुकवे अन् उभीच राहे,’’ हस्तक म्हणाले. नाकाने ‘आहे’ म्हटलेलं, अंगाला ते बोलता येत नव्हतं. त्यांना तिची खोड ठाऊक होती म्हणून बरं. नव्या माणसाने ‘काही नाही’ समजून पुढचं पाऊल टाकलं असतं. मला विचाराल तर निवृत्तीचं खरं कारण हेच, आणि ते वयापेक्षा जास्त पटण्यासारखं आहे.

कुत्र्याला मात्र निवृत्ती कळत नाही. स्फोटक सापडलं की चेंडू मिळतो, एवढाच त्याचा हिशोब. तिच्या लेखी तो इतक्या वर्षांचा खेळ एका सकाळी बंद झाला. पहिले काही आठवडे ती घरात येईल त्याची पिशवी हुंगत होती.

मी गेलो तेव्हा मधल्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला होता, भाव येण्याची वाट बघत. हस्तकांनी आदल्या रात्री त्यात जुना चेंडू खुपसून ठेवला होता. ती आत गेली, तोंड मिटून गंजीच्या कडेकडेने सरकली, एका जागी थबकली. मागचे पाय थोडे वाकले आणि तसेच थरथरत राहिले. त्यांनी बसायची वाट पाहिली नाही, हात घालून चेंडू काढला आणि तिच्या पुढ्यात टाकला.